समुद्रातील पवनचक्क्या : पाठिंबा असूनही प्रकल्प का अडतात?

प्रश्न : प्रॉव्हिडन्सकर

मी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, ऱ्होड आयलंड राज्यात राहते. या भागात समुद्रातील पवनऊर्जेवर पंचवीस वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे आणि त्यातली एक गोष्ट मला नीट उलगडत नाही. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, नँटकेट साउंड या उथळ समुद्रात, १३० पवनचक्क्यांचा ‘केप विंड’ हा प्रकल्प २००१ साली जाहीर झाला. परवाने, जनसुनावण्या आणि कोर्टकचेऱ्या यांत सोळा वर्षे गेली, २०१७ मध्ये विकासकाने समुद्रतळाचा भाडेपट्टा सोडून दिला आणि एकही खांब उभा राहिला नाही. त्याच काळात तेथून फार लांब नसलेल्या, आमच्याच राज्यातील ब्लॉक आयलंड या बेटाजवळ पाच पवनचक्क्या उभारल्या गेल्या आणि डिसेंबर २०१६ पासून अमेरिकेतील पहिला व्यापारी सागरी पवनऊर्जा प्रकल्प म्हणून त्या वीज देत आहेत.

वारा सारखाच, समुद्र जवळजवळ तोच आणि किनाऱ्यावरची माणसेही साधारण त्याच घडणीची आहेत. असे असताना एक प्रकल्प मेला आणि दुसरा जगला, याचे नेहमी दिले जाणारे कारण म्हणजे नँटकेट साउंडच्या काठावरील केप कॉडच्या धनिकांना बंगल्यासमोरचे दृश्य बिघडू द्यायचे नव्हते. हे कारण पुरेसे आहे का? दुसरे असे की पाहण्यांचे आकडे पाहिले तर विरोध दिसतच नाही. ब्रिटनच्या सरकारी पाहण्यांत सागरी पवनऊर्जेला सातत्याने ऐंशी टक्क्यांच्या आसपास लोक पाठिंबा देतात. प्रकल्प प्रत्यक्ष दारात आला की हा पाठिंबा विरतो, ते ढोंग म्हणायचे की त्यामागे आणखी काही आहे? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे, किंवा ज्यांचा समुद्राशी पोटापाण्याचा संबंध आहे, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

उत्तर १ : किनारानीती

धनिकांच्या दृश्याचे कारण खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्याच्यावर विसंबल्यामुळे पुढच्या कित्येक विकासकांनी केप विंडपासून भलताच धडा घेतला असे माझे मत आहे.

खरे तेवढे आधी मान्य करू. सिनेटर टेड केनेडी यांचे कुटुंब हायॅनिस पोर्टला, म्हणजे त्याच साउंडच्या काठी राहात असे आणि त्यांनी शेवटपर्यंत प्रकल्पाला विरोध केला. त्यांचे पुतणे रॉबर्ट केनेडी धाकटे हे पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील असूनही २००५ मध्ये उघडपणे विरोधात उतरले. ‘अलायन्स टू प्रोटेक्ट नँटकेट साउंड’ या विरोधी संघटनेला उद्योगपती बिल कोच यांनी मोठा पैसा पुरवला, आणि त्यांची संपत्ती कोळसा-तेलाच्या व्यवसायातून आलेली होती. ही नावे इतकी ठळक होती की वृत्तपत्रांना दुसरे काही शोधण्याची गरज भासली नाही.

परंतु डेलावेअर विद्यापीठाच्या जेरेमी फायरस्टोन आणि विलेट केम्प्टन यांनी केप कॉड परिसरातील सामान्य रहिवाशांची पाहणी करून २००७ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते वाचले की चित्र बदलते. विरोधाची कारणे म्हणून लोकांनी समुद्राचे रूप बिघडण्याबरोबरच सागरी जीवसृष्टी, स्थानिक मासेमारी आणि बोटींची सुरक्षितता यांचाही उल्लेख केला. त्याच पाहणीतील एक प्रश्न मला सर्वांत बोलका वाटतो. हा एकटा प्रकल्प नसून अशा तीनशे प्रकल्पांपैकी पहिला आहे असे समजा, मग तुमचे मत काय, असे विचारल्यावर पाठिंबा देणाऱ्यांचे प्रमाण एकदम वाढले. म्हणजे लोक दृश्य आणि वीज यांचा नुसता सौदा करीत नव्हते. आपण जे सोसणार त्यातून हवामानबदलासारख्या मोठ्या प्रश्नावर काही फरक पडणार आहे, की आपला समुद्र एकट्या कंपनीच्या नफ्यासाठी जाणार आहे, हे ते पाहात होते.

त्या शंकेला कायदेशीर आधारही होता, आणि हा भाग सहसा सांगितला जात नाही. २००१ साली अमेरिकेत संघराज्याच्या समुद्रात पवनचक्क्यांसाठी जागा देण्याचा कायदाच नव्हता. कंपनीने जागा स्वतः निवडली आणि लष्कराच्या अभियंता विभागाकडे १८९९ च्या नद्या व बंदरांविषयीच्या कायद्याखाली परवानगी मागितली. समुद्रतळ भाड्याने देण्याचा अधिकार गृहखात्याला २००५ च्या ऊर्जा कायद्याने मिळाला. (तिकडचे गृहखाते पोलीस सांभाळत नाही, तर सार्वजनिक जमिनी आणि खनिजे सांभाळते.) म्हणजे सर्वांच्या मालकीच्या समुद्रातला चौसष्ट चौरस किलोमीटरांच्या आसपासचा तुकडा लिलावाशिवाय, आराखड्याशिवाय, जो आधी आला त्याने मागितला, असे पहिली चार वर्षे लोकांना दिसत होते. अशा वेळी ‘तुम्हाला स्वच्छ ऊर्जा हवी की नको’ हा प्रश्न कितीही वेळा विचारला तरी उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे येणार.

आणखी एक बाजू धनिकांच्या कथेत मुळीच बसत नाही. मॅशपी आणि अक्विना येथील वाम्पानोआग या मूळनिवासी जमातींचा विरोध होता. उगवत्या सूर्याला सामोरे जाऊन करायच्या त्यांच्या विधींना पूर्वेचे मोकळे क्षितिज लागते, आणि ज्या उथळ भागावर खांब रोवायचे होते तो हजारो वर्षांपूर्वी जमीन होता व तेथे आपल्या पूर्वजांचे अवशेष असू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. २०१० च्या जानेवारीत हा समुद्र राष्ट्रीय वारशाच्या यादीस पात्र ठरवला गेला. तरीही एप्रिलमध्ये गृहमंत्री केन सालाझार यांनी प्रकल्पाला मंजुरी दिली. जमातींचे ऐकून घेतले गेले, पण ज्या टप्प्यावर ऐकले गेले तेथे जागा बदलण्याची शक्यता कधीच संपलेली होती.

ब्लॉक आयलंडला क्रम उलटा होता. ऱ्होड आयलंडच्या किनारा व्यवस्थापन परिषदेने राज्य विद्यापीठाच्या मदतीने २००८ मध्ये समुद्राचाच आराखडा करायला घेतला. मासे कोठे मिळतात, बोटी कोणत्या वाटेने जातात, पक्षी कोठे उतरतात, जमातींची श्रद्धास्थाने कोठे आहेत, हे नकाशावर आल्यावर २०१० मध्ये आराखडा मंजूर झाला आणि पवनचक्क्यांची जागा त्यातून निघाली. शिवाय बेटावरच्या लोकांना समोर फायदा दिसत होता. हजाराच्या आसपास कायम वस्तीचे हे बेट तोवर जहाजाने आणलेल्या डिझेलवर वीज बनवीत होते. पवनचक्क्यांबरोबर मुख्य भूमीशी जोडणारी केबल आली आणि २०१७ च्या मे महिन्यात जनित्रे बंद झाली. बेटावरून त्या पाचही पवनचक्क्या स्वच्छ दिसतात, केप विंडच्या दिसल्या असत्या त्याहून अधिक जवळून.

पाठिंबा आणि विरोध यांतल्या या दरीवर डेरेक बेल, टिम ग्रे आणि क्लेअर हॅगेट यांनी २००५ मध्ये तीन शक्यता मांडल्या होत्या. एक, पाठिंबा देणारे बहुसंख्य गप्प राहतात आणि निर्णयाच्या जागी फक्त विरोधक पोचतात. दुसरी, पाठिंबा मुळातच अटींसह असतो, पण पाहणीत अटी विचारल्या जात नाहीत. तिसरी, लोक तत्त्वतः हो म्हणतात आणि आपल्या दारात नको म्हणतात. ज्याला आपण ढोंग म्हणता ती ही तिसरी शक्यता. ती अस्तित्वात आहे, पण केप कॉडवर दुसरीच अधिक जोरदार होती असे मला वाटते.

उत्तर २ : डोलकर, पालघर किनारा

वरील उत्तर चांगले आहे, पण ते जमिनीवरून समुद्राकडे पाहणाऱ्यांचे आहे. आमचे घर मासेमारीचे असल्याने मी बोटीच्या बाजूने लिहितो. अमेरिकेतल्या मच्छीमारांचे म्हणणे मी त्यांच्या सुनावण्यांच्या नोंदींतून वाचत आलो आहे, आणि आमच्या बंदरावरची बोलणी त्याहून फार वेगळी नसतात.

पवनचक्क्या किनाऱ्यापासून लांब नेल्या की बंगलेवाल्यांचा विरोध मावळतो, हे खरे. पण जितके लांब जाल तितके तुम्ही मच्छीमारांच्या क्षेत्रात घुसता. मार्थाज व्हिनयार्ड बेटाच्या दक्षिणेला सुमारे चोवीस किलोमीटरवर ‘व्हिनयार्ड विंड’ हा ६२ पवनचक्क्यांचा, ८०६ मेगावॉटचा प्रकल्प आला, तेव्हा मुख्य भांडण दृश्याचे नव्हते, दोन खांबांमधल्या अंतराचे होते. कंपन्यांनी २०१९ मध्ये एक सागरी मैलाची, म्हणजे १.८५ किलोमीटरची चौकट मान्य केली आणि तटरक्षक दलाने पुढच्या वर्षी ती पुरेशी ठरवली. मच्छीमार संघटनांना याखेरीज चार सागरी मैल रुंदीचे ये-जा करण्याचे पट्टे हवे होते, आणि ते मिळाले नाहीत.

कागदावर एक मैल भरपूर दिसतो. परंतु माकुळ (स्क्विड) धरणारा ट्रॉलर जाळे ओढत असतो तेव्हा बोटीच्या मागे शेकडो मीटर तार आणि जाळे असते, प्रवाह आडवा असतो, धुके असते, आणि शेजारी दुसरी बोटही तेच करीत असते. त्यात खांब आणि पाती यांच्यामुळे जहाजाच्या रडारवर खोटे ठिपके उमटतात, ही तक्रार अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०२२ च्या अहवालानेही ग्राह्य धरली. म्हणून ‘आत मासेमारी करायला बंदी नाही’ या वाक्यावर मच्छीमार चिडतो. बंदी नाही, पण कोणता तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आत जाईल आणि विमा कंपनी काय म्हणेल, हे त्याला ठाऊक असते.

मुंबईकरांना हे वरळीच्या उदाहरणावरून पटकन कळेल. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून बोटी जाण्यासाठी दोन खांबांत साठ मीटर अंतर ठेवले होते आणि अभियंत्यांच्या हिशेबाने ते पुरेसे होते. वरळी कोळीवाड्यातील मच्छीमार सांगत राहिले की वारा, भरती आणि लाट एकत्र आल्या की छोटी बोट सरळ रेषेत जात नाही. बराच संघर्ष झाल्यावर एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. मागणी त्याहून अधिक होती, तो भाग वेगळा. परंतु ही गोष्ट आराखड्याच्या वेळी विचारली असती तर खर्चही वाचला असता आणि वर्षेही.

भरपाईचा विषय आणखी गुंतागुंतीचा आहे. व्हिनयार्ड विंडने २०१९ मध्ये ऱ्होड आयलंडच्या मच्छीमारांसाठी थेट भरपाई आणि एक विश्वस्त निधी मिळून सुमारे १.६७ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. रक्कम मोठी वाटते, पण ती कोणाला मिळणार हे कागदपत्रांवरून ठरते. ज्याच्याकडे वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत त्याचे नुकसान सिद्ध होते. वाट्यावर काम करणारा खलाशी, बर्फाचा कारखाना, मासे साफ करणाऱ्या बायका यांच्या नुकसानीची नोंद कोठे असणार? आणि पैशाने एक हंगाम भरून निघतो, मासेमारीची जागा भरून निघत नाही.

आता ‘किनारानीती’ यांनी ज्या ऱ्होड आयलंडच्या आराखड्याची वाखाणणी केली त्याच्या पुढच्या भागाबद्दल. त्या व्यवस्थेत मच्छीमारांचे एक सल्लागार मंडळ होते आणि ब्लॉक आयलंडच्या वेळी त्याचे ऐकले गेले, कारण प्रकल्प पाच पवनचक्क्यांचा होता. पुढे शेकडो पवनचक्क्यांचे प्रकल्प एकामागून एक मंजूर होऊ लागले, तेव्हा आपला सल्ला केवळ नोंदवून घेतला जातो असे सांगून २०२३ मध्ये मंडळाच्या सदस्यांनी एकत्रितपणे राजीनामे दिले. म्हणजे विचारण्याची पद्धत चांगली असणे वेगळे आणि विचारल्यावर उत्तर बदलण्याची तयारी असणे वेगळे.

मच्छीमार सगळे एका मताचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ब्लॉक आयलंडच्या खांबांभोवती शिंपले चिकटले, त्यांच्यामागे मासे आले, आणि ‘ब्लॅक सी बास’ जातीचे मासे तेथे वाढल्याचे सात वर्षांच्या निरीक्षणात दिसले. गळाने मासे धरणारे हौशी लोक आणि त्यांना बोटीतून नेणारे व्यावसायिक त्या खांबांवर खूष आहेत. जाळे ओढणाऱ्याला मात्र तोच खांब अडथळा आहे. न्यू बेडफर्ड हे स्कॅलप शिंपल्यांमुळे अमेरिकेतले सर्वांत मौल्यवान मासळी बंदर मानले जाते, आणि व्हिनयार्ड विंडची पाती व खांब त्याच बंदरातल्या धक्क्यावरून समुद्रात गेले. तो धक्का मुळात केप विंड डोळ्यांसमोर ठेवून बांधला होता. एकाच गावात एक घर पवनचक्क्यांवर जगते आणि शेजारचे घर त्यांच्याविरुद्ध खटला लढते.

उत्तर ३ : कोपनहेगनहून

डेन्मार्कचा दाखला या चर्चेत हवा, कारण समुद्रात पवनचक्क्या उभारायला सुरुवातच तेथे झाली. विंडेबी येथे १९९१ मध्ये अकरा पवनचक्क्या लागल्या आणि २०१७ मध्ये त्या उतरवूनही झाल्या.

कोपनहेगनच्या बंदरासमोर साडेतीन किलोमीटरवर मिडलग्रुंडन हा २००० सालचा प्रकल्प आहे. शहरातून तो रोज दिसतो, आणि तरीही त्याच्याबद्दल लोकांत अभिमान आहे. आरंभीच्या आराखड्यात तीन ओळींत २७ पवनचक्क्या होत्या. १९९७ च्या जाहीर सुनावणीत त्यावर बरीच टीका झाल्यावर संख्या वीसवर आणली आणि त्या एका हलक्या वक्र रेषेत मांडल्या, जेणेकरून शहराच्या जुन्या तटबंदीच्या आकाराशी त्यांचा मेळ बसावा. या पवनचक्क्या ज्या उथळ भागात आहेत तो पूर्वी बंदरातला गाळ टाकण्याची जागा होता, त्यामुळे खोदकामाने विषारी द्रव्ये वर येतील अशी भीती होती. ती भीती कोणी हसण्यावारी नेली नाही, तिचा अभ्यास झाला. निम्मा प्रकल्प सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे आणि तिचे साडेआठ हजारांच्या आसपास सभासद मिळून ४०,५०० भाग होते. साखर कारखान्याचा भाग ज्यांच्या घरात आहे त्यांना हे नाते वेगळे समजावून सांगायला नको.

मात्र डेन्मार्कचे गोडवे गाताना थोडे थांबावे. सहकारी मालकी जमली ती चाळीस मेगावॉटच्या प्रकल्पात. आजच्या हजार मेगावॉटच्या प्रकल्पाला लागणारे भांडवल सभासदांच्या वर्गणीतून उभे राहात नाही, आणि जटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या नव्या प्रकल्पांना तेथील उन्हाळी घरमालकांनी कडाडून विरोध केलाच. मच्छीमारांच्या बाबतीत मात्र तेथील कायदा स्पष्ट आहे. ज्यांच्या मासेमारीवर परिणाम होणार आहे त्यांच्याशी भरपाईची बोलणी विकासकाने करावीच लागतात.

उत्तर ४ : वीजबिल

आतापर्यंतच्या उत्तरांत लोकांच्या मनाचा विचार झाला, पैशाचा फारसा झाला नाही. केप विंड लोकमताने मेला असे म्हणणे सोयीचे आहे. प्रत्यक्षात २०१५ च्या जानेवारीत दोन वीज कंपन्यांनी खरेदी करार रद्द केले, कारण ठरलेल्या मुदतीत विकासकाला वित्तपुरवठा पक्का करता आला नव्हता. विरोधकांनी खटले बहुतेक हरले, पण वेळ जिंकली.

दराचे म्हणाल तर केप विंडचा करार युनिटला १८.७ सेंट आणि दरवर्षी साडेतीन टक्के वाढ असा होता, आणि त्यावर मोठा गहजब झाला. ब्लॉक आयलंडचा दर त्याहून अधिक, २४.४ सेंट होता आणि वाढही तीच. राज्याच्या वीज आयोगाने २०१० मध्ये तो करार महाग म्हणून आधी फेटाळला. विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला आणि त्याच आयोगाने काही महिन्यांत तो मंजूर केला. बेटाला जो फायदा दिसला त्याचा भार राज्यभरातील ग्राहकांवर वाटला गेला. म्हणून ‘ब्लॉक आयलंडने लोकांना विचारले’ या वाक्यात कोणत्या लोकांना, हेही लिहावे. मुख्य भूमीवरचा बिल भरणारा माणूस त्या नकाशावर नव्हता.

विश्वासाबद्दलही बोलले पाहिजे. २०२४ च्या जुलैत व्हिनयार्ड विंडच्या एका पवनचक्कीचे पाते मोडले, त्याचा फेस आणि तंतुकाच (फायबरग्लास) यांचे तुकडे नँटकेट बेटाच्या किनाऱ्यावर वाहून आले आणि भर हंगामात पुळणी बंद ठेवाव्या लागल्या. पाते बनवणाऱ्या जीई व्हर्नोव्हा कंपनीने पुढे नँटकेटशी एक कोटी पाच लाख डॉलरची तडजोड केली. माणसे जखमी झाली नाहीत. पण आपल्याला वेळेवर सांगितले गेले नाही ही गावाची तक्रार होती, आणि अशा एका प्रसंगानंतर कंपनीच्या दहा खऱ्या विधानांवरही लोक विश्वास ठेवीत नाहीत.

देवमाशांच्या वादाकडे मी याच नजरेने पाहतो. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या किनाऱ्यांवर २०२२-२३ च्या हिवाळ्यात मेलेले हंपबॅक देवमासे सापडले आणि दोष सागरी पवनऊर्जेच्या सर्वेक्षणाला दिला गेला. अमेरिकेच्या सागरी संस्थेचे म्हणणे असे की सर्वेक्षणाशी संबंध दाखवणारा पुरावा नाही, हे असामान्य मृत्युसत्र २०१६ पासूनच चालू आहे आणि ज्या माशांची तपासणी झाली त्यांतील सुमारे चाळीस टक्क्यांवर जहाजाची धडक किंवा दोरखंडात अडकल्याच्या खुणा होत्या. मी हे मान्य करतो. पण लोकांनी ते का मानले नाही, याचे उत्तर केवळ अज्ञान नाही. आपल्याकडे सातारा-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या आल्या आणि पुढे दुष्काळ पडला, तेव्हा पवनचक्क्या ढग पळवतात असे गावोगाव बोलले जात होते. ढगांचे ते विधान चुकीचे होते. मात्र जमिनी कवडीमोलाने गेल्या, रस्ते उखडले आणि वीज भलतीकडे गेली ही तक्रार त्याच माणसांची होती आणि तिच्यात तथ्य होते. जी तक्रार ऐकली जात नाही ती दुसऱ्या रूपाने बाहेर पडते.

प्रॉव्हिडन्सकर

सर्वांचे मनापासून आभार. ‘वीजबिल’ यांचा राज्यभरातील ग्राहकांचा मुद्दा मला ठाऊकच नव्हता. आता दोन प्रश्न उरतात. किनाऱ्यापासून किती लांब गेल्यावर दृश्याचा आक्षेप संपतो, याचे काही मोजमाप झाले आहे का? आणि भारतात गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रात जे प्रकल्प घाटत आहेत, तेथे यातले काय लागू पडेल?

किनारानीती

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. याकोब लाडेनबुर्ग आणि अलेक्स डुबगार्ड यांनी डेन्मार्कमध्ये २००७ साली हे मोजले. आठ किलोमीटरवरच्या पवनचक्क्या बारा, अठरा किंवा पन्नास किलोमीटरवर नेण्यासाठी एक कुटुंब वर्षाला अनुक्रमे ४६, ९६ आणि १२२ युरो जादा मोजायला तयार होते. आठावरून अठरावर जाण्यासाठी लोक बरेच देतात, पण अठरावरून पन्नासवर नेण्यासाठी फारच थोडे, हा त्यातला कामाचा भाग. अंतर वाढले की खोली, केबल आणि देखभाल यांचा खर्च मात्र वाढतच जातो. अर्थात पवनचक्क्यांची उंची तेव्हाच्या दुपटीच्या आसपास गेल्याने हे आकडे जसेच्या तसे आज वापरता येणार नाहीत. ‘वीजबिल’ यांचा आक्षेप मला मान्य आहे. आराखड्यात समुद्राचे वापरकर्ते होते, वीज वापरणारे नव्हते.

डोलकर, पालघर किनारा

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. केंद्राचे सागरी पवनऊर्जा धोरण २०१५ चे आहे. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी आठ क्षेत्रे आखली, २०१७ मध्ये खंभातच्या आखातात वारा मोजण्याचे लेझर यंत्र बसले, आणि जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने दोन्ही राज्यांत मिळून हजार मेगावॉटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. कोकणचा समुद्र या पहिल्या फेरीत नाही, म्हणून आमच्याकडे अजून कोणी या विषयावर गंभीरपणे बोलत नाही.

पण गुजरातेतले क्षेत्र पिपावाव बंदरासमोर आहे आणि त्याच्या शेजारी जाफराबाद हे बोंबलाचे मोठे बंदर आहे. तेथली मासेमारी आमच्यासारखीच डोल जाळ्याची. हे जाळे बोटीमागून ओढले जात नाही. समुद्रतळाशी जखडून ते भरती-ओहोटीच्या तोंडाशी लावतात आणि प्रवाह त्यात मासळी आणतो. त्यामुळे ‘बोट थोडी बाजूने न्या’ हा अमेरिकेतल्या ट्रॉलरला दिला जाणारा सल्ला येथे निरर्थक आहे. आमच्याकडे जाळे लावण्याच्या जागेला कव म्हणतात. कोणती कव कोणाची हे गावागावांत ठरलेले असते आणि त्यावरून वसई व पालघरच्या बोटींत जुने वाद आहेत. हे हक्क सरकारी नकाशावर नाहीत. ते तांडेलांच्या डोक्यात आणि सहकारी संस्थांच्या जुन्या तडजोडींत आहेत. क्षेत्राचा लिलाव झाल्यावर भरपाईसाठी पुरावा मागितला गेला तर ऱ्होड आयलंडच्या मच्छीमाराकडे निदान पकडीची नोंदवही होती, जाफराबादच्या खलाशाकडे तीही नसेल.

तामिळनाडूत मन्नारच्या आखाताचा प्रश्न वेगळा आहे. तेथे एकवीस बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान, प्रवाळ आणि समुद्रगाय आहे, त्यामुळे पर्यावरणवादी आधी उभे राहतील. गुजरातेत आधी मच्छीमार उभे राहतील असे मला वाटते.

जमिनीवरच्या पवनऊर्जा प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत स्थान नसल्याने आपल्याकडे त्यांच्यासाठी जनसुनावणीची सवय प्रशासनाला लागलेलीच नाही. समुद्रात ती लावायची असेल तर ती भाडेपट्ट्याच्या आधी व्हायला हवी, आणि ती जिल्ह्याच्या गावी न ठेवता बंदरावर, मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत ठेवावी. एरवी कोणत्याही तारखेला सभा बोलावली तर व्यापारी आणि पुढारी येतील, पण ज्यांना कव ठाऊक आहे ते तांडेल तेव्हा समुद्रात असतील.